टोमण्यांवर पोसलेला

कॉलेजकडून टेनिस खेळताना वेस्लीला समोरच्या कॉलेजची पोरं जाळीमागून यथेच्छ टोमणे मारायची, आणि ते ऐकून तो असा पेटायचा की समोरच्याची धूळधाण. शेवटचा सीझन संपला आणि मी न् तो, दोघेही प्रोफेशनल झालो.

तिथे मात्र स्मशानशांतता. बघायला मी, त्याची आई लोरेटाकाकू आणि एक झोपलेलं कुत्रं. काकू प्रत्येक पॉइंटला "शाब्बास, माझ्या राजा!" म्हणायच्या आणि राजा पहिल्याच फेरीत आपटायचा.

"आता हरलो ना, तर सरळ मामाच्या टायरच्या दुकानात बसणार," तो मला म्हणाला.

अलाबामातल्या स्पर्धेला काकू कुठे दिसल्याच नाहीत. वेस्लीने पहिला सेट घालवला. इतक्यात वरच्या रांगेत, आमच्या जुन्या वैरी कॉलेजची केशरी टोपी नाकापर्यंत ओढून बसलेलं कुणीतरी भोंग्यातून गरजलं, "ए ढोल्या! एवढा घोडा झालास, अजून मोजे आई धुते तुझे!"

वेस्लीचे कान लालबुंद. अंपायरने भोंगा बंद करायला लावला, पण तोवर गडी पेटला होता. पुढचे दोन्ही सेट त्याने खिशात घातले आणि त्या देवमाणसाला मिठी मारायला धावत वर गेला.



केशरी टोपी काढून लोरेटाकाकू म्हणाल्या, "रडू नकोस रे. तू सातवीपर्यंत अंथरूण ओलं करायचास, ते मी फायनलसाठी राखून ठेवलंय."