आत्याच्या छपरावरची खूण

प्रवेशाच्या यादीत मुलीचं, विदुरीचं, नाव दिसलं आणि सार्वोनोने मान खाली घातली. पोरगी शाळेच्या फाटकापाशीच नाचायला लागली. दोन पावलांवर शेजारचा दानांग तीच यादी पुन्हा वरून वाचत होता. त्याचं नाव नव्हतं.

"चल लवकर," सार्वोनो म्हणाला. "आईला सांगू."

या सरकारी शाळेत मार्क बघत नाहीत, घर किती जवळ ते बघतात. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करायची. संगणक अक्षांश-रेखांशावरून अंतर काढतो आणि जवळची पोरं आत घेतो. सार्वोनोचं घर जावा बेटावरच्या ब्रांतास नदीच्या पलीकडे. पुलावरून वळसा घालून यायला स्कूटरलाही अर्धा तास लागतो. म्हणून त्याने गेल्या वर्षीच मुलीचं नाव बाजारामागे राहणाऱ्या बहिणीच्या कुटुंब-कार्डावर चढवलं आणि खूण केली ती बहिणीच्या छपरावर.

संध्याकाळी दानांगचे वडील न्गादिमान तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन आले. दोन्ही घरांची भिंत एकच.

"अभिनंदन, दादा! पोरीनं नाव काढलं हो."

"कसलं नाव, भाऊ. नशीब."

"आमच्याचं नशीब झोपलंय. आता खाजगी शाळेच्या पायऱ्या झिजवा... जाऊ द्या. खा, गार होतील."

न्गादिमान नजरेला नजर देत नव्हते. सार्वोनोने हातातलं केळं ताटलीत परत ठेवलं. आपण या माणसाच्या पोराची जागा चोरली आणि हाच आपल्याला गोड खाऊ घालतोय. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"सगळेच करतात," बायको नंतर म्हणाली. "गप्प बसा. पोरीचा तरी विचार करा."

पोरगी दारातच उभी होती. "बाबा, दानांगचं घर पण आपल्याएवढंच लांब. मग मी कशी आत?"



दुसऱ्या दिवशी तो एकटाच शाळेत गेला. प्रवेशाचं काम बघणाऱ्या एंदाह बाईंसमोर त्याने सगळं कबूल केलं. बाईंनी सुस्कारा सोडला, खरं घर पडद्यावर शोधून खूण केली आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"अहो, बहिणीचं घर आठशे मीटरवर आहे. तुमचं सहाशेवर."

"काहीतरी चुकतंय, बाई. पुलावरून तर..."

"संगणकाला कुठला पूल ठाऊक? तो नदीवरून सरळ रेघ मारतो. खरं लिहिलं असतंत तरी पोरगी आतच होती."

"मग राहू दे की तिला!"

"आता कशी राहू देऊ? खोट्या पत्त्याचा अर्ज रद्द होतो. तुम्हीच येऊन सांगितलंत ना."

 घरी जाऊन विदुरीला काय सांगायचं, ते सार्वोनोला कळेना. शेवटी तो म्हणाला, "निदान ती जागा दानांगला तरी द्या. न्गादिमानांचा मुलगा. माझ्या भिंतीला लागूनच राहतो."

बाईंनी पडद्यावर सगळ्या अर्जांची यादी खाली सरकवली. बरीच खाली गेल्यावर त्या थांबल्या.

"तुमच्या भिंतीला लागून? याच्या वडिलांनी तर दीड किलोमीटरवरचं, स्टेशनामागचं मामाचं घर दाखवलंय."