भांडणांचे आकडे

"प्रेक्षकांपैकी कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही.

यतीन देवस्थळी खुर्चीत अवघडून बसला. पुढे त्याची लेक आश्लेषा उभी होती. पाच वर्षांच्या पीएचडीचा हा शेवटचा तास. समोर चार प्राध्यापकांची कमिटी, मागे दहाबारा विद्यार्थी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर त्याच्या बायकोने, रेखाने, एडिसनच्या घरून डबे भरून आणलेल्या अळूवड्या. कमिटीला खाऊ घालायची इथे पद्धतच आहे म्हणे. आश्लेषाने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "बाबा, प्लीज, तू काही विचारू नकोस."

नाही विचारणार, असं त्याने कबूलही केलं होतं. पण पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस तो. त्याच्या ऑफिसात डेमो संपल्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, तर प्रोजेक्ट गुंडाळलं असंच समजायचं. ही शांतता काही त्याला बरी वाटेना. पोरीची लाज राखायला कुणीतरी तोंड उघडायला हवं! त्याचा हात वर गेला. रेखाने चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.

हात वर केला म्हणजे प्रश्न हवा, आणि त्याच्याकडे होता एकच. ज्याच्यावरून दर थँक्सगिव्हिंगला बापलेकीची जुंपायची, तोच.

उत्तर इटलीतलं चीज करणारं एक गाव, हा आश्लेषाचा विषय. तिथल्या गोठ्यांत वीस वर्षांपूर्वी पंजाबी कुटुंबं कामाला आली. त्यानंतर गाव कसं बदलत गेलं, हे तिने दोन हिवाळे तिथे राहून पाहिलं होतं. यतीनचं म्हणणं, यात राहून पाहायचंय काय? आकडे घे, ग्राफ काढ, मोकळी हो. ते समाजशास्त्राचे सिद्धांत म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा.

"तुझेच आकडे सांगतात," तो इंग्रजीत म्हणाला, "की गावकरी आणि पंजाबी यांच्यातली भांडणं दहा वर्षांत तिप्पट झाली. तरी तू म्हणतेस गाव एकत्र येतंय. आकड्यांपेक्षा तुझा सिद्धांत शहाणा कसा?"

कमिटीतल्या प्रोफेसर हार्लन, आकडेवारीतल्या मोठ्या जाणकार, सकाळपासून एकदाही हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. आपण हेच विचारणार होतो, त्या म्हणाल्या, आणि याचं उत्तर पटल्याशिवाय आपण सही करणार नाही.

झालं! सख्ख्या बापानेच पोरीच्या पायावर धोंडा टाकला. पाच वर्षं पाण्यात.

आश्लेषा पाणी प्यायली. मग कमिटी राहिली बाजूला, तिने सरळ बापाकडे पाहिलं आणि भर सभेत मराठीत विचारलं, "बाबा, पाहुण्यांशी कोण भांडतं?"

तेच तिने कमिटीला इंग्रजीत सांगितलं, आणि पुढे बोलत राहिली. पहिली दहा वर्षं गावात भांडणं मोजकीच होती, कारण पंजाबी माणसं मान खाली घालून गोठ्यात जायची आणि तशीच घरी यायची. गावजेवणाला त्यांना पुढच्या खुर्च्या मिळायच्या, हातात ताट मिळायचं, पण उठून स्वयंपाकाला कुणी हात लावू देत नसे. मग त्यांची मुलं तिथल्या शाळेत शिकली आणि कुरबुरी सुरू झाल्या. पार्किंगवरून, शाळेतल्या जेवणावरून, फुटबॉलचा कॅप्टन कोण यावरून. गेल्या वर्षी गावजेवणात हरप्रीत नावाची बाई पहिल्यांदा मोठ्या पातेल्यापाशी उभी राहिली, आणि मक्याची लापशी करपवली म्हणून गावातल्या एका म्हातारीने तिला सगळ्यांदेखत झापलं. तिच्या यादीत ते भांडण म्हणूनच मोजलंय. हरप्रीत मात्र सांगताना हसत होती. वीस वर्षांत तिला गावातलं कुणी पहिल्यांदाच ओरडलं होतं.

"भांडणं किती, ते आकडा सांगतो," आश्लेषा म्हणाली. "पण आता भांडणारा पूर्वी गप्प का होता, हा प्रश्न मला सिद्धांताने शिकवला. तो विचारला नसता, तर गाव फुटतंय असं लिहून मी मोकळी झाले असते."

यतीनला शेजारचे रॉबर्ट आजोबा आठवले. अठरा वर्षं दिवाळीला येतात, दोन करंज्या खातात, छान छान म्हणतात आणि जातात. कधी शब्दाने शब्द वाढला नाही. आणि मराठी मंडळातला परीक्षित? दर गणपतीत त्याच्याशी खडाजंगी, आणि गाडी हायवेवर बंद पडली की पहिला फोन त्यालाच.

अरे, खरंच की! ही आपली पोर. एवढ्या विद्वानांसमोर तिने बापाला निरुत्तर केलं होतं, आणि उठून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं की तो बाप मी.

मग सगळ्यांना बाहेर काढून कमिटीने दार लावून घेतलं. वीस मिनिटं कॉरिडॉरमध्ये रेखा त्याच्याकडे पाठ करून उभी होती. दार उघडलं, अध्यक्षांनी हात पुढे केला आणि "डॉक्टर देवस्थळी" अशी हाक मारली. रेखाने डोळे पुसले आणि चिमटा काढला होता त्याच दंडाला घट्ट धरलं.

प्रोफेसर हार्लन बशीत अळूवडी घेऊन यतीनपाशी आल्या. तुम्हीही समाजशास्त्रातले का, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, छे, सॉफ्टवेअर. मग हा नेमका प्रश्न सुचला कसा?

"पाच वर्षं हाच विचारतोय मी तिला," यतीन म्हणाला. "उत्तर मात्र आज पहिल्यांदा ऐकून घेतलं."