उरलेले सूर

"बॅरिटोन कोण?" कॉम्प्युटरवरची नजर न काढता गेर्डने विचारलं.

ओरिनच्या स्वयंपाकघरात चौघे बसले होते आणि बाकीच्या तिघांना एकाएकी छताकडे बघावंसं वाटलं. आज काहीही झालं तरी आपला संघ नोंदवायचाच असं ठरलं होतं. बार्बरशॉपचं गाणं म्हणजे वाद्य नाही, काही नाही, नुसते चार गळे. अशा गाणाऱ्यांच्या मंडळाकडे नाव नोंदवलं की स्पर्धेत उभं राहता येतं आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी घरोघरी जाऊन प्रेमगीतं गायची कामं मिळतात. नाव ठरवण्यातच अर्धी संध्याकाळ गेली, कारण एका नावाचे दोन संघ मंडळाला चालत नाहीत आणि यांना सुचेल ते कुणीतरी आधीच घेतलेलं. शेवटी एलरॉय बुटांवरचा बर्फ झटकायला उठला आणि दार उघडंच ठेवून उभा राहिला, तशी ओरिनची बायको मार्लिस ओरडली, "अरे, दार लावा!" ते नाव मोकळं निघालं. 'दार लावा' असंच त्यांनी संघाचं बारसं केलं.

आता आवाज लिहायचे होते. एलरॉय चीजच्या कारखान्यातला, त्याचा आवाज जमिनीच्या वर येतच नाही, म्हणून तो बास. कर्टिस बारीक आवाजाचा, तो वरचा टेनर. उरले गेर्ड आणि ओरिन. त्यातल्या एकाने लीड व्हायचं, म्हणजे गाण्याची चाल गायची. दुसऱ्याने बॅरिटोन, म्हणजे तिघांनी आपापलं वाढून घेतल्यावर पातेल्यात जे सूर उरतील ते गोड मानून घ्यायचे.

ओरिनने सारी हयात शाळेची बस चालवली. स्टिअरिंगवर बसून चाल गाता गाता तो म्हातारा झाला. एकदा तरी लोकांसमोर उभं राहून चाल गायची, एवढ्यासाठी त्याने हा सगळा घाट घातला होता. पण गेर्ड प्लंबरचा गळा त्याच्यापेक्षा खुला होता, हे त्यालाही कळत होतं.

"मला टाक तिथे," ओरिन म्हणाला.

"नक्की ना? नंतर तोंड पाडून बसशील."

"टाक म्हणतो ना!"

ज्याच्या घरचं कार्य, त्याने शेवटच्या पंगतीला बसायचं, तसं ते झालं.

तालीम अग्निशमन केंद्राच्या गॅरेजमध्ये व्हायची. घरी ओरिन तळघरात एकटाच घोकायचा. बॅरिटोन एकट्याने गायला तर त्यात ना चाल ना चव. मध्येच वर, मध्येच खाली, मध्येच एकाच सुरावर ठिय्या. कोणतं गाणं चाललंय ते येशूलाही ओळखता आलं नसतं.

"ओरिन, गातोयस की दाढ दुखतेय?" मार्लिस वरून विचारायची.

पहिला कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये झाला, शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाच्या वेळी. मार्लिस मागे कढईपाशी होती, तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. लोकांनी मात्र टाळ्या पिटल्या. गेर्डचे हात हातात घेतले, एलरॉयच्या पाठीवर थापा मारल्या. कर्टिसला तर एका आजीबाईंनी मुकाच दिला. मग त्या ओरिनकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही? या पोरांची गाडी चालवता वाटतं?"

ओरिन हसला. पण लागलं ते लागलंच.

"व्हॅलेंटाइनची कामं उरकली की मी सोडणार," घरी आल्यावर त्याने मार्लिसला सांगितलं. "मी नसलो तरी कुणाला काही कळायचं नाही."

मार्लिस बटाटे सोलत होती. तिने नुसता पुढचा बटाटा उचलला, याचंही त्याला वाईट वाटलं.

व्हॅलेंटाइनच्या दिवशी लाल टाय लावून चौघे गावभर हिंडले. बेकरीत गायले, दवाखान्यात गायले, एका घटस्फोटितेच्या दारात गायले आणि तिला रडवून आले. शेवटच्या कामाला गेर्डने गाडी ओरिनच्याच गल्लीत वळवली आणि त्याच्याच दारासमोर थांबवली.

दारात मार्लिस उभी होती. तिने ओरिनचा कोट काढून घेतला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"हे काय चाललंय?"

"गाणं मी मागवलंय, तुझ्यासाठी. ज्याच्यासाठी मागवतात तो बसून ऐकतो."

"अगं, मग गायला तिघंच उरतात!"

"तिघं तर तिघं. गा रे पोरांनो."

तिघे गायले. चाल होती, वरचा सूर होता, तळही होता. तरी गाणं लंगडत होतं. गेर्डने एकदा घसा खाकरला, कर्टिस बिचारा घामाघूम झाला. तिघेही राहून राहून त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"आता पुन्हा पहिल्यापासून," मार्लिस म्हणाली आणि एप्रनला हात पुसत गेर्ड आणि एलरॉयच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

ती आपल्या जाडसर आवाजात गाऊ लागली. मध्येच वर, मध्येच खाली, मध्येच एकाच सुरावर ठिय्या. एकही सूर चुकला नाही. चारही आवाज एकमेकांत असे बसले की कपाटातल्या बशा किणकिणल्या आणि ओरिनच्या अंगावर काटा आला. आपण नेमकं काय गातो, ते तो आज पहिल्यांदा समोर बसून ऐकत होता. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

"मार्लिस," गाणं संपल्यावर तो कसाबसा म्हणाला, "तुला हे गाणं कधीपासून येतं?"

"मला कुठलं गाणं येतंय!" ती म्हणाली. "त्याची चाल मी आत्ता यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मला येतं ते फक्त तुझं."