चुकलेला ताल
मेलबर्नमध्ये आमचा गाझासाठीचा मोर्चा दर रविवारी झेलिगआजोबांच्या खिडकीखालून जायचा. ढोल माझ्या गळ्यात. आजोबा वरून ओरडायचे, "पोरी, राजकारणही चुकतंय आणि तालही." मग कुणीतरी सिनेगॉगमध्ये गोळ्या झाडल्या. ज्यू होते, एवढ्याचसाठी आजोबा त्यात मारले गेले. "मोर्चा थांबवला तर गुन्हेगार आपणच ठरू," आमचे लोक म्हणाले. मी भांडून रविवारचा मोर्चा रद्द केला आणि आजोबांच्या घरी गेले. ज्यूंच्या रीतीप्रमाणे सुतकातलं माणूस बोलेपर्यंत पाहुण्याने बोलायचं नसतं. सुतकाच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या, आजोबांच्या पत्नी फ्रीडाआजी तासाभराने म्हणाल्या, "आज ढोल का नाही वाजला?" "तुमच्यासाठी थांबवला." "एक रविवार पुरे. मारणाऱ्याला आपण सगळेच गप्प हवे आहोत." पुढच्या रविवारी त्या खिडकीखाली माझे हात थबकले. खिडकी धाडकन उघडली. "पोरी, राजकारणही चुकतंय आणि तालही," आजी ओरडल्या. मी मुद्दाम ताल चुकवून ढोल बडवला.