नमुना पत्र

घरात कमावणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून समीक्षा शहाडहून डोंबिवलीला रेझ्युमे लिहायच्या क्लासला जायला लागली. मानपाड्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून बाप गेला, तेव्हापासून तिने घर कसं ओढलं, ते सगळं तिने कव्हर लेटरमध्ये रडत रडत लिहून काढलं.

"अगं, याला म्हणतात लेटर!" म्हणत सरांनी ते क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. "असं लिहा रे सगळ्यांनी!" तिलाही तेव्हा बरंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवरच्या जाहिरातीतून इंटरव्ह्यू आला. साहेबांनी तिचं पत्र अर्धवट वाचून बाजूला सारलं.

 

"सकाळपासून बॉयलर फुटून मेलेला हा पाचवा बाप. आता खरं सांगा मॅडम, तुमचे वडील काय करतात?"