पाचगणीचं ऊन

गाडी पुन्हा घाट चढू लागली. मी डब्याची कडी खट्कन लावली. पसरणी घाटात पंक्चर काढता काढता सूर्य डोंगराआड गेला होता. दिवस मावळल्यावर खायचं नाही, हा नेम सहा वर्षांच्या सन्मतीनं आजच धरलेला.

"लहान आहे गं, दे दोन घास," हे म्हणाले.

"नको पप्पा. आज्जी तरी खाते का?" तिनं डब्याकडे पाठ फिरवली.

घाट संपला, पाचगणी आली, आणि हॉटेलच्या दारात लख्ख ऊन!

"आई, सूर्य आहे अजून! लवकर, लवकर!"

खोली राहिली बाजूला. पायरीवरच बसून आम्ही तिघं दशम्यांवर तुटून पडलो.

घास तोंडात धरून सन्मतीनं विचारलं, "आई, मगाशी घाटात खाल्लं असतं, तर माझा नेम मोडला असता का गं?"