बाराच्या बारा बशा

बाराही बशांत जनुक जागे झाले होते. व्हायला हवे होते फक्त सहांत. अवनीने यंत्रावरचे आकडे तिसऱ्यांदा तपासले. आकडे काही तिची कीव करेनात.

बशांत बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या रक्तपेशी होत्या. मोठ्या बेडकाचे हिमोग्लोबिन बनवणारे जनुक त्यांच्यातही असते, पण गाढ झोपलेले. मोठ्या बेडकाच्या रक्तपेशींच्या अर्कातले एक द्रव्य त्याला उठवते, असे अवनीचे म्हणणे. म्हणून सहा बशांना रोज अर्काचे दोन थेंब, उरलेल्या सहांना नुसते मिठाचे पाणी. पहिल्या सहा उठल्या आणि दुसऱ्या घोरत राहिल्या, की अवनी डॉक्टर. एवढ्यासाठी ती चार वर्षे झिजली होती. ऐन वेळी तिला डेंग्यू झाला. दहा दिवस ती कारेलीबागेत घरी पडून होती आणि थेंब सोडत होत्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस, सुनंदामावशी.

"पाण्यानंही उठतंय, म्हणजे तुझ्या अर्काचा काही संबंधच नाही," मार्गदर्शक विश्वासराव म्हणाले. "हा विषय बदलायचा अर्ज. सही कर."

अवनीने पेन उचलले. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. बेडकांचे बरे, ते पाण्यात सुखी असतात. तिला मात्र रडू फुटले.

तेवढ्यात सुनंदामावशी चहा घेऊन आल्या. "अरे, रडता कशाला, अवनीबेन?"

"मावशी, बाराही बशा उठल्या हो."

मावशींचा चेहरा खुलला. "मग सारूं झालं की, छानच झालं! माझे कष्ट फळाला आले."

"पाणी घालण्यात कसले कष्ट?" विश्वासराव वैतागले.

"पाणी?" मावशींना ते चांगलेच झोंबले. "साहेब, बाराही जणांना अर्कच दिलाय. फ्रिजमध्ये मोप होता."

विश्वासरावांनी अर्ज गुपचूप ओढून घेतला. अवनी रडता रडता हसायला लागली. अर्क मिळालेली एकही बशी झोपून राहिली नव्हती. प्रयोग पुन्हा करावा लागणार होता, पण विषय वाचला होता.

"मावशी, सहांना नुसतं पाणी द्या असं मी लिहून दिलं होतं ना?"

"दिलं होतं. पण एकाच पंगतीत सहांना श्रीखंड वाढायचं आणि सहांपुढे नुसता पाण्याचा पेला? असलं पाप माझ्या हातून व्हायचं नाही, बेन."